गावात बसून ट्रेडिंग: नोंदवही आपोआप कशी भरून घ्यावी

पुलगावजवळच्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. पीक विम्याचे अर्ज, सात-बारा, उत्पन्नाचे दाखले ही रोजची कामं. अलीकडे या रांगेत मोबाइलवर ऑप्शन (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क) घेणारी विशी-बाविशीतली पोरंही दिसू लागली आहेत. मी स्वतः ट्रेडिंग करतो हे गावाला माहीत आहे, त्यामुळे ती मला स्ट्रॅटेजी विचारतात. मी आधी त्यांची सौद्यांची नोंदवही मागतो. बहुतेकांकडे ती नसते. हा लेख त्या पोरांसाठी आहे, आणि त्यांच्यासारख्याच इतर नवख्यांसाठी.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे वायदे) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. शेअरमधल्या इंट्राडेचंही, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचंही, चित्र फार वेगळं नाही. २०२२-२३ मध्ये तिथे दहापैकी सात जण तोट्यात होते. आपण त्या सातांत आहोत की उरलेल्या तिघांत, हे ज्याला ठामपणे सांगता येत नाही त्याने नवा सौदा करण्याआधी जुने सौदे मांडून बघावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताने लिहिलेली वही आपल्याकडे पेरणीपर्यंत टिकते. नंतर वावराची कामं येतात, मग सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, आणि नोंदी मागे पडतात. त्यातही सगळ्यात आधी राहून जातात त्या तोट्याच्या दिवसांच्या. नेमक्या त्याच नोंदींची गरज जास्त असते. म्हणून तारीख, वेळ, भाव, नग, खर्च हे सगळं यंत्राने लिहावं आणि आपण फक्त एकच गोष्ट लिहावी: हा सौदा का घेतला. ती यंत्राला कधीच कळणार नाही.

खर्चापासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. मागे एका पोराने विचारलं होतं, "भाऊ, ॲपवर तं हिरवंच दिसते, मंग खात्यातले पैसे काऊन कमी झाले?" कास्तकाराच्या पोराला हे समजावणं सोपं आहे. बाजार समितीत माल विकला की अडत्याची पट्टी येते. तिच्यावर वजन आणि भाव असतोच, शिवाय हमाली, तोलाई कापून हातात येणारी रक्कमही असते. शेअर बाजारातली ही पट्टी म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट. सौदा झाल्यापासून चोवीस तासांच्या आत ब्रोकरने ती पाठवायची असते आणि ती ईमेलवर येते. ॲपवरच्या हिरव्या आकड्यात ही कपात बहुधा धरलेली नसते.

एक साधा हिशोब करू. ५०० रुपयांचे १०० शेअर सकाळी घेतले आणि त्याच दिवशी ५०३ ला विकले. ॲप ३०० रुपये नफा दाखवेल. ब्रोकरेज २० रुपये किंवा ०.०३ टक्के, जे कमी असेल ते, असं धरलं तर दोन्ही बाजूंचे मिळून ३० रुपये जातात. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), म्हणजे १३ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क साधारण तीन रुपये, खरेदीवर स्टॅम्प ड्युटी दीड रुपया, सेबीचे काही पैसे, आणि ब्रोकरेज व शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सहा रुपये. एकूण ५३ रुपयांच्या आसपास गेले आणि हातात २४७ राहिले. हाच सौदा तोट्याचा झाला असता तर ३०० च्या तोट्यावर हे ५३ आणखी चढले असते. दिवसाला असे पाच-सहा सौदे करणाऱ्याने हा खर्चाचा रकाना रोज डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. ब्रोकरच्या वेबसाइटवर रिपोर्टच्या भागात ट्रेडबुक, म्हणजे झालेल्या सौद्यांची यादी, असतं. तारखा टाकल्या की ते सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल म्हणून उतरवता येतं. त्यात शेअरचं नाव, तारीख, खरेदी की विक्री, नग, भाव, ट्रेड नंबर, ऑर्डर नंबर आणि वेळ असते. ही फाइल गूगल ड्राइव्हवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. पुढचं काम गूगल शीट्ससोबत फुकट मिळणारी ॲप्स स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) करते. ठरवलेल्या तासात ती जागी होते, फोल्डरमधली नवी फाइल वाचते, ओळी शीटमध्ये उतरवते आणि फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवते. ही स्क्रिप्ट गूगलच्या सर्व्हरवर चालते, गावातल्या माणसासाठी हा सगळ्यात मोठा फायदा. संध्याकाळी लाइन गेली, फोन बंद पडला, रेंज नसली, तरी तिचं काम अडत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर पायथनचा प्रोग्राम लावून ठेवणाऱ्याला हे सुख नाही.

सुरुवातीला तीन बाबी नीट बसवल्या तर पुढे त्रास होत नाही.

पहिली बाब ऑर्डर नंबरची. एनएसई या शेअर बाजाराचा ऑर्डर नंबर सोळा आकडी असतो. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्ही पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी धरतात. फाइल थेट एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शेवटचे अंक हरवतात आणि वेगळे ऑर्डर एकाच नंबरचे दिसू लागतात. बाकीची फाइल नीटच दिसते, म्हणून हे लवकर ध्यानात येत नाही. तेव्हा फाइल मध्ये कुठेही न उघडता सरळ ड्राइव्हवर टाकावी, आणि शीटमधला ऑर्डर नंबरचा रकाना आधीच साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवावा. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत आणि वेळ भारतीय हेही निवडून घ्यावं, नाहीतर ३ एप्रिलचा सौदा ४ मार्चला जाऊन बसतो.

दुसरी बाब दुबार नोंदींची. दर आठवड्याला फक्त नव्या तारखांची फाइल उतरवायची म्हटलं की कुठला तरी दिवस सुटतो किंवा दोनदा येतो. त्यापेक्षा दर वेळी १ एप्रिलपासून आजपर्यंतची पूर्ण फाइल उतरवावी. तारीख, ऑर्डर नंबर आणि ट्रेड नंबर जोडून प्रत्येक ओळीची एक खूण तयार करावी. ती खूण शीटमध्ये आधीच असेल तर स्क्रिप्टने ती ओळ सोडून द्यावी. मग एखादा आठवडा लग्नकार्यात गेला तरी पुढच्या वेळी सगळं आपोआप भरून निघतं.

तिसरी बाब तुकड्यांची. १५० नगांचा एक ऑर्डर बाजारात ४०, ६० आणि ५० असा तीन भावांना भरला जाऊ शकतो. ट्रेडबुकात त्याच्या तीन ओळी येतात. आपला निर्णय मात्र एकच होता. म्हणून कच्च्या ओळी एका शीटमध्ये जशाच्या तशा ठेवाव्यात आणि दुसऱ्या शीटमध्ये ऑर्डर नंबरनुसार त्या एकत्र करून नगांच्या प्रमाणात सरासरी भाव काढावा. कच्च्या शीटला हात लावायचाच नाही. हिशोबात काही शंका आली तर परत फिरायला तीच जागा असते.

शेअर महिनोन्महिने ठेवणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावं. बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) ट्रेडबुकात येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. ज्याने आधी १० शेअर घेतले होते त्याने पुढे २० विकले, तर स्क्रिप्टला १० शेअर न घेताच विकलेले दिसतील. अशी नोंद हातानेच घालावी लागते. तिच्यासाठी वेगळा रकाना करून ठेवावा.

खर्चाचे दर स्क्रिप्टमध्ये कोंबू नयेत. त्यांची वेगळी शीट करावी आणि प्रत्येक दरापुढे तो कधीपासून लागू आहे ती तारीख लिहावी. १ ऑक्टोबर २०२४ ला ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी प्रीमियमच्या (ऑप्शनच्या किमतीच्या) ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला. दर नुसता बदलून टाकला असता तर सप्टेंबरमधल्या सौद्यांचा हिशोबही नव्या दराने झाला असता. लॉटचंही, म्हणजे एका सौद्यातल्या किमान नगांचंही, तसंच आहे. निफ्टी या निर्देशांकाचा लॉट २०२४ च्या अखेरीस २५ चा ७५ झाला, आणि दर पुन्हाही बदलतील, लॉटही बदलतील.

कॉन्ट्रॅक्ट नोटची पीडीएफ सहसा पॅन नंबरने कुलूपबंद असते. ती स्क्रिप्टकडून वाचून घेण्याच्या खटपटीत मी नवख्याला पडू देत नाही. ईमेलमधून ती आपोआप ड्राइव्हवर साठवून ठेवावी, तेवढी स्क्रिप्ट लिहिणं सोपं आहे. महिनाअखेरीस आपल्या शीटमधला खर्च आणि नोटांवरचा खर्च ताडून पाहावा. चार-आठ आण्यांचा फरक राहतो तो पैसे रुपयांत धरल्याचा. त्याहून मोठा फरक निघाला तर एखादा दर चुकीचा आहे, असं समजावं.

एपीआयबद्दल, म्हणजे आपला प्रोग्राम थेट ब्रोकरशी जोडण्याबद्दल, पोरं फार उत्साहाने विचारतात. काही ब्रोकर तो फुकट देतात, आणि त्याने सौदे थेट शीटमध्ये आणता येतात हे खरं. पण दोन अडचणी आहेत. ऑर्डर आणि ट्रेडची यादी तिथे साधारणपणे चालू दिवसापुरतीच मिळते, आणि लॉगिनचा टोकन (तात्पुरता परवाना) रोज संपतो. एखाद्या दिवशी लॉगिन राहिलं की त्या दिवसाचे सौदे सुटले, आणि मग ट्रेडबुकाकडेच यावं लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा सीएसव्ही उतरवण्याचा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. एपीआय घेतलाच तर त्याची गुप्त किल्ली आणि टीओटीपीचा, म्हणजे सतत बदलणाऱ्या लॉगिन पासवर्डचा, कोड कोणाच्याही हाती देऊ नये. मित्राच्या नाही, ट्रेडिंग शिकवणाऱ्याच्या नाही, आणि सेवा केंद्रवाल्याच्याही नाही.

आता आपल्या वाट्याच्या कामाकडे. मी गूगल फॉर्म केला आहे आणि त्याचा शॉर्टकट मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवला आहे. त्यात शेअर, दिशा (खरेदी की विक्री), स्टॉपलॉस (तोटा आवरून बाहेर पडायचा भाव) आणि कारण एवढंच विचारलेलं आहे. कारण एका ओळीत. "काल दिवसभराच्या उच्चांकावर बंद, आज तिथेच टेकला, म्हणून खरेदी" असं लिहिता आलं तर कारण आहे. "वर जाईल असं वाटते" हेही लिहावं, खोडू नये. फॉर्म भरल्याची वेळ आपोआप नोंदली जाते, ऑर्डरची वेळ ट्रेडबुकातून येते, आणि स्क्रिप्ट शेअरचं नाव आणि जवळची वेळ पाहून दोन्ही एका ओळीत जोडते. फॉर्म आधीचा आणि ऑर्डर नंतरचा असेल तर तो ठरवून केलेला सौदा. फॉर्म नंतरचा असेल किंवा नसेलच, तर शीट त्या ओळीला वेगळा रंग देते. माझ्या मते अख्ख्या वहीतली सगळ्यात मोलाची माहिती हीच, कारण तिच्यात मागाहून शहाणपण घुसवता येत नाही.

स्टॉपलॉस आधी लिहिलेला असला की आणखी एक आकडा मिळतो. वरच्या उदाहरणात स्टॉपलॉस ४९५ ला होता असं धरू. म्हणजे धोका ५०० रुपयांचा होता आणि निव्वळ हाती आले २४७. धोक्याच्या निम्मेच. सौद्यातल्या पूर्ण धोक्याला ट्रेडर एक आर म्हणतात, म्हणून हा अर्धा आर. तोटे एक-एक आरचे आणि नफे अर्ध्या-अर्ध्या आरचे असतील, तर दहापैकी सहा सौदे जिंकूनही माणूस एक आर खालीच राहतो. पोरांना जिंकलेले सौदे मोजायची सवय असते, म्हणून हा रकाना मी आग्रहाने भरायला लावतो.

वारानुसार नफा-तोटा काढायचा मोह सगळ्यांना होतो. निफ्टीच्या ऑप्शनची एक्स्पायरी (मुदत संपणं) १ सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारची मंगळवारी आली. त्याआधीचा आणि नंतरचा गुरुवार एका टोपलीत टाकला तर निष्कर्ष खोटा निघतो. वाराऐवजी एक्स्पायरीला किती दिवस उरले होते तो रकाना करावा. तो सूत्राने आपोआप भरतो.

आपल्या भागासाठी एक खास रकाना सांगतो: घरातला माल. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे सेबीने २०२१ मध्ये थांबवले आणि पुढे त्या बंदीची मुदत वाढत गेली. कापसात मात्र लोक उतरतात. एमसीएक्स या वायदे बाजारातला कापसाचा वायदा रुईचा असतो आणि भाव खंडीमागे असतो. आपल्या घरात पडलेल्या कापसात सरकी असते. ज्याच्या घरी कापूस भरलेला आहे त्याने वर कापसाचाच वायदा खरेदी केला तर भाव पडल्यावर मार दोन्हीकडून बसतो. ट्रेडबुकात हे कुठेच दिसत नाही, म्हणून घरात किती क्विंटल आहे ते त्या सौद्यापुढे लिहून ठेवावं.

करासाठीही हीच शीट कामी येते. शेअरमधला इंट्राडे सट्टा-व्यवसायात धरला जातो, फ्युचर्स-ऑप्शन साध्या व्यवसायात, आणि डिलिव्हरी (शेअर घेऊन ठेवणं आणि नंतर विकणं) सहसा भांडवली नफ्यात. शीटमध्ये हे तीन प्रकार पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. तोटा झाला तरी विवरणपत्र मुदतीत भरावं, कारण मुदत चुकली तर तो पुढे ओढता येत नाही. सट्ट्याचा तोटा चार वर्षं पुढे नेता येतो, फ्युचर्स-ऑप्शनचा आठ वर्षं.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या शनिवारी फक्त चालू वर्षाचं ट्रेडबुक उतरवून ड्राइव्हवर टाकावं आणि फॉर्म तयार करावा. स्क्रिप्ट नंतर लिहिली तरी चालते, कारण झालेले सौदे ब्रोकरकडे आहेतच. फॉर्म मात्र सोमवारी बाजार उघडायच्या, म्हणजे सव्वानऊच्या आत मोबाइलवर असायला हवा.