कंपायलरच्या वॉर्निंगला एररचा दर्जा देताना

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची भरलेली गाडी काट्यावर चढते, माल उतरल्यावर तीच गाडी रिकामी तोलली जाते आणि दोन वजनांच्या फरकातून माल ठरतो. समजा, अशा काट्याच्या सी भाषेतील प्रोग्राममध्ये ‘फरक’ हा 32 बिटांचा इंट (उणे संख्याही धरणारा पूर्णांक) आहे आणि ‘मर्यादा’ अनसाइन्ड इंट (उणे संख्या न धरणारा). फरक उणे 5 आणि मर्यादा 20 असताना ‘फरक मर्यादेपेक्षा कमी आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे येते, कारण तुलनेपूर्वी फरकही अनसाइन्ड केला जातो आणि उणे 5 चे 4,29,49,67,291 होतात. जीसीसी हा कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) याची वॉर्निंग, म्हणजे काम न थांबवणारी सूचना, देतो, परंतु सी भाषेसाठी ती ‘वॉल’ या पर्यायात नसून ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’मध्ये आहे, ‘वॉल’च्या नावातला ‘ऑल’ फसवाच आहे.

म्हणून आधी हे दोन्ही पर्याय लावावेत, जुने ऑब्जेक्ट (आधीच्या कंपाइलमधून तयार झालेल्या फाइली) पुसून संपूर्ण बिल्ड करावे, म्हणजे सगळा कोड पुन्हा कंपाइल करावा (अन्यथा केवळ बदललेल्या फाइलींच्याच वॉर्निंग दिसतात) आणि आलेला मजकूर फाइलीत साठवावा. प्रत्येक वॉर्निंगच्या शेवटी चौकटी कंसात तिचे नाव असते, त्यावरून गट पाडता येतात. जुन्या प्रकल्पात ‘डब्ल्यू-एरर’ (वॉर्निंगला एरर मानून बिल्ड थांबवणारा पर्याय) सरसकट लावल्यास सगळ्यांचेच काम अडते. त्याऐवजी एक गट निवडून तो पूर्ण साफ करावा आणि ‘डब्ल्यू-एरर’पुढे बरोबरचे चिन्ह व त्या वॉर्निंगचे नाव लिहून तेवढ्यापुरतेच कुलूप लावावे. सुरुवात ‘रिटर्न-टाइप’पासून (फंक्शनने मूल्य परत करायचे राहून गेल्याची वॉर्निंग) करणे मला सर्वांत फायद्याचे वाटते.

साफसफाई करताना घाईचा कास्ट (मूल्याचा प्रकार सक्तीने बदलणे) टाळावा. वरच्या उदाहरणात फरकावर अनसाइन्डचा कास्ट चढवला, तर वॉर्निंग गप्प होते आणि चूक जशीच्या तशी राहते. खरा उपाय म्हणजे मर्यादाच साधा इंट करणे.

सर्व गट संपले की पूर्ण ‘डब्ल्यू-एरर’ सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड व चाचणी करणारे यंत्र) लावावा आणि तेथील कंपायलरची आवृत्ती पक्की बांधून ठेवावी. 2017 च्या जीसीसी 7 ने स्विचमधील निसटत्या केसची (ब्रेक नसल्याने पुढच्या केसमध्ये घसरणाऱ्या) वॉर्निंग ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’त आणली, तेव्हा एक ओळही न बदललेला कोड नव्या कंपायलरवर अडू शकत होता. लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी 2021 मध्ये लिनक्स कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ‘डब्ल्यू-एरर’ सर्वांना लागू केला आणि थोड्याच दिवसांत तो चाचणी-बिल्डपुरता मर्यादित केला.

सीमेक (बिल्डची मांडणी करणारे साधन) वापरत असाल, तर ‘डब्ल्यू-एरर’ हाताने लिहू नये, सीमेकच्या 3.24 या आवृत्तीपासून त्यासाठी स्वतंत्र व्हेरिएबल आहे आणि तुमचा कोड घेऊन बिल्ड करणाऱ्या परक्या माणसाला ते कमांडवरून निष्प्रभ करता येते. बाहेरच्या लायब्ररींचे हेडर (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइली) ‘आय-सिस्टम’ या पर्यायाने जोडावेत, म्हणजे त्यांच्या वॉर्निंग तुमच्या माथी येत नाहीत. कालबाह्य फंक्शनांची ‘डेप्रिकेटेड’ वॉर्निंग मात्र ‘नो-एरर’ लावून वॉर्निंगच राहू द्यावी. ती फंक्शने बदलायला वेळ लागतो आणि तोवर बाकीचे काम थांबवण्यात अर्थ नसतो.