कुलपात किल्ली घालताना येणारी कळ

दाराच्या कुलपात किल्ली घातली की मला लघवीची जोरात कळ यायची. खांद्यावर पर्स, हातात भाजीची पिशवी, आणि दार उघडेपर्यंत दोन-चार थेंब गेलेले असायचे. लोकलमध्ये तर सोयच नाही. डोंबिवलीहून ऑफिसला निघालेली मी कित्येकदा ठाण्याला उतरून मागची गाडी पकडली आहे. बायकांच्या डब्यात पाण्याचा घोटही न घेता बसणाऱ्या कितीतरी जणी मला दिसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी लघवी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. जळजळ, ताप, लघवीतून रक्त किंवा जांघेत बधिरपणा असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. माझे रिपोर्ट चांगले आले. लघवीची पिशवी भरायच्या आतच तिचा स्नायू आवळला जातो, त्यामुळे ही घाई होते, असं डॉक्टरांनी समजावलं.

या पिशवीला खालून आधार देणारे स्नायू ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. व्यायाम त्यांचा करायचा. चारचौघांत गॅस अडवताना आपण आतून जे आवळतो, तेच हे स्नायू. मागून सुरुवात करायची आणि तो ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणत वर ओढायचा.

मी पहिले दोन महिने चुकीचंच करत होते. पोट आत घ्यायचे, मांड्या आवळायचे, श्वास रोखून धरायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आडवं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले आणि माझाच हात माझ्या पोटावर ठेवला. "हात हलला की चुकलं," म्हणाल्या. श्वास चालू हवा, पोट आणि मांड्या सैल हव्यात. एवढं जमायलाच मला आठवडा लागला, पण खरा फरक तिथूनच पडला.

सुरुवातीला आवळून ३ आकडे मोजा, मग पूर्ण सैल सोडून तितकेच मोजा. सोडण्यात घाई नको, सैल सोडणं हा निम्मा व्यायाम आहे. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. हळूहळू १० आकड्यांपर्यंत न्या. शेवटी ५-६ वेळा झटपट आवळा-सोडा. लघवी करताना धार मध्येच थांबवून सराव करू नका, पिशवी नीट रिकामी होत नाही. आवळताना दुखलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. काहींचे स्नायू आधीच ताठ असतात, त्यांना आधी ते सैल करायला शिकावं लागतं.

आता कळ आल्यावर काय करायचं ते. धावायचं नाही. मी दारात असेन तर हातातली भाजीची पिशवी खाली ठेवते, तिथेच उभी राहते आणि ५-६ वेळा झटपट आवळते. हे स्नायू आवळले की पिशवीला शांत होण्याचा इशारा जातो. सोबत मनात २९चा पाढा म्हणते. एकोणतीस साते, एकोणतीस आठे करेपर्यंत कळ ओसरू लागते. ती लाटेसारखी चढते आणि उतरते. उतरली की मग सावकाश चालत जायचं.

तीन दिवस वहीत लघवीला जायच्या वेळा लिहा. मी दर पाऊण तासाने जात होते. मग आठवड्याला १५ मिनिटं वाढवत नेलं. पाणी तोडू नका, लघवी दाट झाली की कळ जास्तच येते. मी चहा चारवरून दोन कपांवर आणला. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावरही उपाय करा, भरलेल्या आतड्याचा दाब पिशवीवर येतो.

नीट शिकल्यापासून तीन महिने तरी द्या. तरीही फरक नसेल तर परत डॉक्टरांकडे जा, औषधं आहेत. मला साडेतीन महिने लागले. त्या दिवशी ठाणं आलं, कळही आली, आणि मी जागेवर बसूनच आवळत-सोडत राहिले. मुलुंड गेलं, घाटकोपर गेलं, दादरला उतरले.

सकाळी दहा वेळा आवळणं-सोडणं अजूनही चुकवत नाही. गावी गेले आणि आठवडाभर व्यायाम राहून गेला, तर कुलपाशी परत तेच सुरू होतं.