नळाला गटाराचा वास: शेवटी प्रांतांकडच्या अर्जाने सुटलं

सकाळी नळ सुटला की पहिल्या बादल्यांना गटाराचा वास यायचा. पाण्याची पाइप उघड्या गटारातून गेलेली, सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आळीत जुलाब नेहमीचेच. (सातारा जिल्हा, गावाचं नाव मुद्दाम देत नाही.)

निवेदनं, ऑनलाइन तक्रार, सगळं झालं. तोंडी उत्तर 'निधी नाही', कागदावर 'तक्रार निकाली'. डोकं फिरायची वेळ आली.

आधी माहिती अधिकाराचा अर्ज केला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागितलं एवढंच: तक्रार निकाली काढताना केलेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत. 'काम का केलं नाही' असं विचारू नका, कागद मागा. मुदत 30 दिवस. 'अहवाल उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. तोच पुरावा झाला.

मग प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133). विषयात 'सार्वजनिक उपद्रव' लिहा, घरापुरतं गाऱ्हाणं इथे चालत नाही. मागणी नेमकी: पाइप गटाराबाहेर घ्यावी. सोबत फोटो, दवाखान्याचे कागद आणि ते उत्तर. 'निधी नाही'वर उतारा म्हणून रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्दीचंद (1980) जोडा. पैसे नाहीत म्हणून पालिकेला गटारांची जबाबदारी झटकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने याच 133 वर बजावलंय.

आवक शिक्क्याची पोच घ्याच. सशर्त आदेश निघाला: मुदतीत काम करा, नाहीतर हजर राहून कारण दाखवा. पाइप आता भिंतीलगत, गटाराच्या वर आहे.