मोबाइल ॲप की नेटबँकिंग? या चुका टाळा

आमच्या शेजारचे काका नेहमी सांगायचे, "मी फक्त बँकेचं ॲप वापरतो. नेटबँकिंगच्या भानगडीत पडतच नाही." त्यांचे पैसे गेले ते नेटबँकिंगमधूनच.

झालं असं की, व्हॉट्सॲपवर गाडीचं 'चलान' आलं. फाइलच्या नावाच्या शेवटी होतं 'डॉट एपीके'. चलान फोटो असेल, पीडीएफ असेल. एपीके म्हणजे सरळ ॲप. फोनने हटकलं, तरी काकांनी इन्स्टॉल केलं. एसएमएस वाचायची परवानगी दिली. दंड भरायला कार्डाचा नंबर टाकला, एटीएमचा पिनही टाकला. बऱ्याच बँकांत नेटबँकिंग सुरू करायला एवढंच लागतं, वर एक ओटीपी. तो चोराला परस्पर मिळत होता.

तेव्हा पहिली चूक ही: वापरत नाही म्हणजे बंद आहे, असं समजणं. ॲप सुरू करताना तुमच्या सिममधून बँकेला एक एसएमएस जातो आणि ॲप त्या सिमला, त्या फोनला बांधलं जातं. नुसता एमपिन (ॲपचा गुप्त आकडा) कळून दुसऱ्या फोनवर ते चालत नाही. नेटबँकिंग ब्राउझरमध्ये चालतं, त्याला बहुधा असा दोर नसतो. पासवर्ड आणि ओटीपी मिळाला की कुठूनही आत. म्हणून मला विचाराल तर रोजच्या कामाला ॲप बरं, पण फोन स्वच्छ असेल तरच. नेटबँकिंग लागत नसेल तर बँकेला सांगून बंद करा, लागत असेल तर पैसे पाठवायची मर्यादा गरजेपुरती ठेवा.

नेटबँकिंगला गूगलवर बँकेचं नाव शोधून जाऊ नका. पहिला निकाल कधी कधी जाहिरातीचा असतो, आणि जाहिरात कुणीही देतो. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा पत्ता घ्यायला लावला आहे. पत्त्याचा शेवट तसाच आहे ना, ते बघा आणि बुकमार्क करून ठेवा. सायबर कॅफेत, ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर लॉगिन नकोच.

आता ॲप अडतं तेव्हा. 'सिम पडताळणी झाली नाही' असं आलं की लोक लगेच कस्टमर केअरचा नंबर शोधतात, आणि नेमके तिथेच खोट्या नंबरामुळे फसतात. आधी बघा: बँकेत नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये आहे का, दोन सिम असतील तर योग्य सिम निवडलंय का, एसएमएस जाण्याइतका रिचार्ज आहे का. बहुतेक वेळा यातच भागतं. नंबर हवाच असेल तर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो. स्क्रीन शेअरिंगचं किंवा दुसरं काही ॲप काढायला बँकेचं ॲप सांगत असेल तर मुकाट्याने काढा.

चुकून एपीके टाकलंच असेल, तर फोन फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. पिन-ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि नंतरचं बँकेचं. काकांनी दुसऱ्या दिवशी, बँक उघडल्यावर कळवलं.