पानगळ होऊ न देता पॉयझन आयव्ही कसं बनावं

पॉयझन आयव्हीचा, म्हणजे बॅटमॅनच्या कॉमिक्समधल्या झाडांवर हुकूम चालवणाऱ्या खलनायिकेचा, माझा पहिला पोशाख मी ग्लू गनने केला होता. हिरवा टीशर्ट, त्यावर पटापट चिकटवलेली पानं. फोटोसाठी हात वर केला आणि खांद्यावर थेट शिशिर अवतरला! ग्लू गनचा गोंद थंड झाला की कडक होतो, अंगाबरोबर ताणणाऱ्या कापडावर तो टिकत नाही. त्यामुळे गन बाजूला ठेवा आणि सुईदोरा घ्या.

आधी कुठली आयव्ही करायची ते ठरवा. जून १९६६ मध्ये 'बॅटमॅन'च्या १८१व्या अंकात ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या अंगावर पानांचाच पोशाख होता. १९९७च्या सिनेमात उमा थर्मनने ती भडक, नखरेल केली. अलीकडच्या कॉमिक्समध्ये तर बऱ्याचदा तिची कातडीच हिरवी दिसते. पहिल्यांदाच करत असाल तर पानांची आयव्ही घ्या. अंगभर हिरवा रंग फासून आपल्याकडच्या उकाड्यात दिवस काढणं म्हणजे निव्वळ हौस.

खालचा थर म्हणून पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा गडद हिरवा टीशर्ट आणि तशीच लेगिंग्ज पुरे. पानं सजावटीच्या वेलींची घ्या, पण कापडी. प्लास्टिकची फ्लॅशमध्ये चकाकतात आणि पोशाख मखरासारखा दिसतो. खरी पानं तर नकोच, दुपारपर्यंत माना टाकतात. नुसत्या पुढच्या भागाला मला दीडशेच्या आसपास पानं लागली. स्पंजने काही पानांच्या कडांना तपकिरी, काहींना पोपटी फॅब्रिक रंग टिपा. सगळी एकाच हिरव्या रंगाची असली की नकली वाटतात.

आता मुख्य काम. टीशर्ट अंगात घालून मैत्रिणीकडून खडूने खुणा करून घ्या, कारण टेबलावर आखलेली ओळ अंगावर भलतीकडे जाते. मग तो काढून आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली जाईल. सुरुवात खालून करायची, घर कौलारतात तशी. प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीचे टाके झाकते. पान फक्त देठाकडे दोन टाक्यांनी धरा, टोक मोकळं सोडा. आणि प्रत्येक पानाची गाठ वेगळी मारा. सलग धागा नेलात तर टीशर्ट डोक्यातून घालताना कट्‌कन तुटतो आणि अख्खी ओळ उसवते. काखेत आणि बसायच्या जागी पानं नकोत.

हातावरच्या वेलीसाठी बांधकामाची बाइंडिंग तार घ्या. तिची टोकं आत वळवा, वर हिरवी टेप गुंडाळा आणि वेल मनगटाकडून कोपराकडे चढवा. बांगडीसारखी गोल बसवू नका. वेल आयव्हीच्या अंगातून उगवल्यासारखी दिसायला हवी, कारण बाई मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, डॉ. पामेला आइस्ली. झाडं तिचं ऐकतात आणि तिच्या चुंबनात विष असतं. पण १९९९च्या 'नो मॅन्स लँड' कथानकात भूकंपाने मोडलेल्या गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, हीच बाई रॉबिन्सन पार्कात अनाथ मुलांना सांभाळते. म्हणून फोटोत नुसतं डोळे वटारण्यापेक्षा एखादं कुंडीतलं रोप पोटाशी धरून बघा. ती जास्त खरी वाटते, आणि जास्त भीतिदायकही.

तिचं नाव ज्या उत्तर अमेरिकी वेलीवरून आलं, ती आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला या नावाची धास्ती वेगळी समजवायला नको. चेहऱ्याचा रंगही उतू नये म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. पूर्ण चेहरा रंगवायची गरज नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून कपाळाकडे जाणारी तीन-चार पानं पुरतात. लाल विग सगळ्यात शेवटी.

निघताना पर्समध्ये दहा सुटी पानं, दोरा ओवलेली सुई आणि चार सेफ्टी पिना ठेवा. गर्दीत कुणी ना कुणी पान ओढून बघतंच, खरं आहे का म्हणून.