मेट्रो: लास्ट लाइट घाई न करता कसा खेळावा

कीव्हच्या ४ए गेम्सचा हा २०१३ सालचा गेम म्हणजे 'मेट्रो २०३३'चा पुढचा भाग. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत तगून राहिलेली माणसं आणि त्यांच्यातला आर्त्योम, म्हणजे तुम्ही. आवाज रशियन ठेवा, खाली इंग्रजी सबटायटल्स लावा. वातावरण लगेच अंगावर येतं.

सैनिकी दर्जाच्या गोळ्या हेच इथलं चलन. त्या जास्त मारक असल्या तरी बंदुकीत भरू नका, बाजारासाठी राखा.

माणसांच्या चौकीत शिरताना आधी अंधार करा: दिवे विझवा, बल्ब फिरवून काढा. मनगटावरच्या घड्याळातला निळा दिवा पेटला, की तुम्ही उजेडात आहात असं समजा. पाठीमागून गाठलेल्या पहारेकऱ्याला मारण्याऐवजी बेशुद्ध करा. मी तर नेहमी तेच करतो. चांगला शेवट पाहायचा असेल तर दया दाखवावीच लागते, आणि गेम तिचा हिशोब तुम्हाला न सांगता ठेवतो. भिकाऱ्याला चलनातली एखादी गोळी दान करा, लोकांच्या गप्पा थांबून ऐका. थिएटर स्टेशनवर एक म्हातारा मुलांना हातांच्या सावल्यांतून प्राणी दाखवतो. तिथून धावत पुढे जाऊ नका, माझ्या मते सगळ्या गेमचा जीव त्या कोपऱ्यात आहे.

भुयारातल्या महाकाय कोळी-किड्यांवर गोळ्या उधळू नका. टॉर्चचा झोत धरून ठेवा, ते उलटे पडले की पोटावर मारा. टॉर्च मंदावला तर हातातला चार्जर दाबत राहा.

भुयारातून वर जमिनीवर गेल्यावर हवा विषारी असते, तिथे गॅस मास्क लावा, काच पुसत राहा आणि दिसेल तो फिल्टर उचला.