घरी विमान बांधताना गोंद आणि सीलंट: या चुका टाळा

लाकडी सांध्यांचा टी-88 इपॉक्सी आणि ॲल्युमिनियमच्या इंधनटाकीचा पॉलिसल्फाइड सीलंट, ज्याला बांधणारे सरसकट प्रोसील म्हणतात, दोन्ही दोन डब्यांतले घटक मिसळून वापरायचे. पहिला मापाने मोजला तरी चालतो, दुसरा वजनानेच घ्यायचा. गल्लत इथेच होते.

टी-88 मापाने 1:1 असतो, पण वजनाने 100 ग्रॅम रेझिनला 83 ग्रॅम हार्डनर लागतो. काट्यावर दोन्ही सारखे घेतले की हार्डनर सुमारे 20 टक्के जास्त पडतो. जास्त हार्डनरने लवकर वाळेल ही समजूत पॉलिस्टर रेझिनमधून आलेली. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच गोंदाचा भाग असतो. उरलेल्याला जोडीला रेझिन मिळत नाही आणि सांधा मऊ राहतो.

दुसरी चूक क्लॅम्पची. रिसॉर्सिनॉल या लाकडाच्या जुन्या गोंदाला चांगला दाब आणि घट्ट बसणारा सांधा लागतो, इपॉक्सीला नाही. क्लॅम्प आवळून पिळला तर गोंद कडेने बाहेर येतो आणि आत कोरडे लाकूड लाकडाला टेकते. हलका दाब द्या, कडेला बारीक ओघळ दिसला की थांबा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद खुर्चीला ठीक; सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो, विमानाच्या स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, नको.

दमट हवेत, म्हणजे मुंबई-कोकणात जुलैमध्ये हमखास, काही इपॉक्सींवर वाळताना मेणचट थर येतो. त्यावर थेट पॉलिश पेपर फिरवला की तो खरवडून आत घुसतो आणि पुढचा थर सुटतो. आधी साध्या पाण्याने धुवा, पुसा, मगच घासा. प्रत्येक मिश्रणातून दोन तुकडे चिकटवून तारीख घालून ठेवा आणि आठवड्याने मोडा. तडा लाकडात गेला पाहिजे, गोंदाच्या रेषेत नाही.

आता टाकी. पॉलिसल्फाइड बहुधा वजनाने 10:1 असतो, तरी डब्यावरचे प्रमाणच अंतिम. म्हणजे मुख्य घटक 50 ग्रॅम असेल तर हार्डनर 5 ग्रॅम. तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे 20 टक्के. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटा. सीलंटच्या डब्यावरच्या बी-2 या प्रकारातला 2 म्हणजे मिसळल्यावर काम करायला दोन तास, पण 25 अंश सेल्सिअसला. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की वेळ निम्मी होते. 36 अंशांच्या शेडमध्ये अर्धा तास उरतो, म्हणून एका वेळी मोजकेच मिसळा.

पत्रा घासून एमईके या सॉल्व्हंटने पुसताना तो हवेत सुकू देऊ नका. विरघळलेले तेल परत तिथेच बसते. ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपा.

गळती तपासायला टाकीला कॉम्प्रेसर लावू नका, पत्रा फुगतो. व्हेंटला, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीला, फुगा बांधून साबणाचे पाणी पुरेसे आहे. गळणाऱ्या रिव्हेटवर बाहेरून लेप दिला तर आतले इंधन तो ढकलून काढते. दुरुस्ती आतून करायची. आतून लेप बसावा म्हणून टाकीत ओतून फिरवायचे पातळ स्लॉशिंग कंपाउंड तर टाळाच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या कंपाउंडचे पापुद्रे सुटून गाळणी तुंबल्याची उदाहरणे आहेत, आणि आपल्याकडचे मोटारींचे पेट्रोल आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचे, आहे.

साध्या सिलिकॉनने इंधनाचे काहीही सील करू नये, पेट्रोलमध्ये ते फुगते. व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन ॲल्युमिनियम आणि वायरिंगलाही खाते. शिवाय जिथे ते लागले तिथे रंग धरत नाही. इतर कामांसाठी वापरलेच तर रंगकामानंतर, वेगळ्या हातमोज्यांनी.

कॉकपिटवरच्या ॲक्रिलिकच्या पारदर्शक झाकणाजवळ, म्हणजे कॅनोपीजवळ, ॲसिटोन किंवा सुपरग्लू नको, बारीक भेगांचे जाळे पडते.

इंधनाच्या फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे तंतू कार्ब्युरेटरपर्यंत जातात. पाइप-थ्रेडवर इंधनाला टिकणारी पेस्ट लावा, पहिले दोन आटे कोरडे ठेवून. 37 अंश कोनाच्या फ्लेअर फिटिंगला, म्हणजे नळीचे तोंड पसरवून बसवायच्या जोडाला, काहीच लागत नाही. तिथे सील धातूच्या कोनावर होते, आट्यांवर नाही.